उन्हाळी अभियांत्रिकी शिबिर : आत्मविश्वास आणि करिअरचा कल

आठवीतल्या मुलीला दोन आठवड्यांच्या अभियांत्रिकी शिबिराला पाठवले, तर तिचा आत्मविश्वास वाढेल का आणि पुढे ती याच क्षेत्राकडे वळेल का, असे आपण विचारले आहे. अशा शिबिरांत मी बरीच वर्षे मार्गदर्शक म्हणून काम केले आहे. माझ्या मते पहिली गोष्ट शिबिरातल्या कामाच्या स्वरूपावर ठरते, तर दुसरी बहुतांशी शिबिर संपल्यानंतर.

'हे मला जमेल' हा विश्वास कशातून येतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये केली. स्वतः काम तडीस नेणे, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणे, इतरांनी धीर देणे आणि त्या वेळची मनाची व शरीराची अवस्था, असे चार स्रोत त्यांनी सांगितले आणि त्यांत पहिला सर्वांत प्रभावी मानला. तयार संच सूचनांबरहुकूम जोडून दिवा पेटवणारे मूल खूश होते. पण त्यात अडण्यासारखे काही नसल्याने तो आनंद फार टिकत नाही. याउलट काड्यांचा पूल वजनाखाली कोसळल्यावर कोणता सांधा आधी सुटला हे शोधायचे, चौकट तिरकी होते म्हणून कर्णाची काडी घालून तिचे त्रिकोण करायचे आणि तोच पूल पुन्हा वजनाखाली ठेवायचा, एवढी मोकळीक व वेळ मिळालेल्या मुलाच्या बोलण्यातच फरक पडतो. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मी नेहमी पाहतो. मिश्र गटात नोंदी लिहिण्याचे काम बहुधा मुलीकडे जाते आणि पेचकस मुलाच्या हातात राहतो. मार्गदर्शकाने कामांची अदलाबदल केली नाही, तर दोन आठवड्यांत तिचे अक्षर तेवढे सुधारेल!

करिअरबाबत, २००६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात रॉबर्ट ताय व सहकाऱ्यांचा अमेरिकी विद्यार्थ्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे पदवीधर झालेल्यांपैकी ज्यांनी आठवीतच विज्ञानातील करिअरची अपेक्षा व्यक्त केली होती, त्यांनी भौतिक विज्ञान वा अभियांत्रिकीची पदवी घेण्याची शक्यता इतरांच्या ३.४ पट आढळली. म्हणजे हे वय महत्त्वाचे खरे. मात्र तो अभ्यास शिबिरांचा नव्हता, आणि शिबिराला येणाऱ्या अनेक मुलांना विज्ञानाची ओढ आधीपासूनच असते. त्यामुळे समारोपाच्या दिवशी भरून घेतलेल्या उत्साही अभिप्रायांवरून शिबिराचा परिणाम ठरवणे मला पटत नाही. तिथे चाळवलेले कुतूहल पुढच्या काही महिन्यांत शाळेतल्या प्रकल्पाने, एखाद्या कार्यशाळेने किंवा शंका विचारता येईल अशा मोठ्या मुलीच्या सोबतीने जोपासले गेले नाही, तर ते सहसा विरून जाते.

नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना दोनच प्रश्न विचारावेत : मुलांची रचना फसल्यावर ती पुन्हा करण्यासाठी वेळापत्रकात किती वेळ राखला आहे, आणि शिबिरानंतर मार्गदर्शकांशी संपर्क ठेवता येतो का? आणि परतल्यावर मुलीने 'मला यात रस नाही' असे सांगितले, तर शुल्क वाया गेले असे कृपया तिला ऐकवू नये; महाविद्यालयात दोन वर्षे काढून हे कळण्यापेक्षा आठवीत कळलेले केव्हाही बरे.