टोमॅटोच्या वाफ्यात आणि रताळ्याच्या वेलाखाली सापडलेले तपकिरी कोष कोणाचे असावेत?

आपण लिहिले आहे की टोमॅटोचा संपलेला वाफा खणताना दोन-तीन इंचांवर दीड-दोन सेंटिमीटर लांबीचे तांबूस तपकिरी कोष निघाले, आणि कुंपणालगतच्या रताळ्याच्या वेलाखाली त्यांच्या जवळजवळ तिप्पट मोठा, पुढच्या बाजूला वाकलेली दांडी असलेला एक कोष मिळाला. हे कशाचे आहेत आणि नष्ट करावेत का, असा आपला प्रश्न आहे. मोठ्या कोषाबद्दल बऱ्याच खात्रीने सांगता येते. लहानांच्या बाबतीत मात्र नुसत्या कोषावरून कुळापर्यंतच पोहोचता येते.

आधी ते पतंगांचेच आहेत ना, हे पाहावे. हुमणीचा कोष फिकट आणि मऊ असतो व त्याचे पाय अंगापासून सुटे दिसतात. फळमाशीचा कोष जेमतेम चार-पाच मिलिमीटरांचा, दोन्ही टोकांना बोथट असतो आणि त्यावर पंखांची कसलीही खूण नसते. पतंगाच्या कोषाची पोटाकडची बाजू भिंगातून पाहिली, तर पंखांच्या कडा, त्यांच्यामधून खाली उतरणारे पाय आणि शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) कवचाला घट्ट चिकटलेल्या स्पष्ट दिसतात. स्पर्श होताच मागचा निमुळता भाग गरकन वळतो, कारण पोटाच्या मधल्या काही खंडांचेच सांधे मोकळे असतात आणि बाकीचे जखडलेले असतात. आपण हीच हालचाल वर्णिली आहे, म्हणजे कोष जिवंत आहेत.

टोमॅटोखालचे कोष नॉक्टुइडी कुळातील पतंगांचे असावेत, आणि त्यातही दोन जातींची शक्यता सर्वांत अधिक आहे: टोमॅटोची फळे पोखरणारी व हरभऱ्यावर घाटे अळी म्हणून ओळखली जाणारी हेलिकोव्हर्पा, आणि पाने खाणारी स्पोडोप्टेरा. दोन्हींच्या शेपटीच्या टोकाला दोन बारीक काटे असतात आणि आकार व रंगही इतका सारखा असतो की घरगुती भिंगाने त्यांच्यात फरक करण्याचा प्रयत्न मी करणार नाही. त्यापेक्षा पीक आठवावे. फळांना गोल भोके पडली होती का, की लहान अळ्यांनी घोळक्याने पाने खरवडून जाळीदार केली होती? पहिले लक्षण घाटे अळीचे, दुसरे स्पोडोप्टेराचे. मात्र पूर्ण वाढलेली अळी कोषात जाण्यापूर्वी काही अंतर चालून जाऊ शकते, त्यामुळे शेजारच्या झाडांचाही विचार करावा. पुढच्या वेळी खणताना कोषाभोवतीची मातीची कोठडी फोडण्याआधी आत नीट पाहावे: तिची आतली भिंत गुळगुळीत केलेली असते आणि कोषाच्या मागे अळीची चुरगळलेली शेवटची कात पडलेली असते. त्या कातेला डोक्याचे कवच शिल्लक असले, तर जाणकाराला ते फार उपयोगी पडते.

नक्की जात हवी असेल, तर एक-दोन कोष बरणीत ओलसर (चिखल नव्हे) कोकोपीटवर ठेवावेत, तोंडाला जाळीदार कापड बांधावे आणि आत एक खरबरीत काडी उभी करावी, कारण बाहेर आलेल्या पतंगाला लटकायला जागा मिळाली नाही तर त्याचे पंख नीट पसरत नाहीत. उबदार हवेत साधारण दहा दिवस ते दोन आठवडे पुरतात. थंडीत जास्त वेळ लागतो. पुढचे पंख फिकट पिवळट ते तांबूस आणि मागच्या पंखांना रुंद काळपट किनार असेल तर हेलिकोव्हर्पा. पुढच्या पंखांवर फिकट रेषांचे जाळे आणि मागचे पंख पांढरे असतील तर स्पोडोप्टेरा. कधी पतंगाऐवजी माशी किंवा गांधीलमाशीसारखा बारीक कीटक निघतो. तो अळीवर जगणारा परजीवी असतो. त्याला बागेतच सोडावे.

मोठा कोष हॉक मॉथ या मोठ्या पतंगाचा, आणि रताळ्याखाली सापडल्यामुळे बहुधा अ‍ॅग्रियस कन्व्हॉल्व्ह्युली या जातीचा आहे. कपाच्या कानासारखी दिसणारी ती दांडी म्हणजे त्याच्या सोंडेचे आवरण होय. या पतंगाची सोंड शरीराहूनही लांब असल्याने ती कोषाच्या अंगात मावत नाही. सायलोग्रामा या दुसऱ्या हॉक मॉथच्या कोषालाही सुटी सोंड असते, परंतु त्याची अळी जाई-मोगऱ्याच्या कुळातील झाडांवर वाढते. अळूवरच्या किंवा तिळावरच्या हॉक मॉथच्या कोषांना अशी दांडी नसते.

टोमॅटो, वांगी किंवा हरभरा पुन्हा त्याच वाफ्यात घेणार असाल, तर माती उलटून दोन-तीन दिवस उन्हात उघडी ठेवणे पुरेसे आहे. साळुंक्या बाकीचे काम करतात, आणि मातीत कीटकनाशक ओतण्याची मुळीच गरज नाही. हॉक मॉथचा कोष मात्र कृपया मारू नये. त्याची अळी रताळ्याची पाने खाते हे खरे, पण परसातला वेल तेवढे नुकसान सहज भरून काढतो, आणि लांब नळीची, रात्री दरवळणारी पांढरी फुले, तशीच पपईची फुलेही, परागीभवनासाठी याच पतंगांच्या गटावर बरीच अवलंबून असतात. तो वेलाखालीच भुसभुशीत मातीत दोन-तीन इंच खोल, दांडीला धक्का न लावता ठेवावा, वर माती दाबू नये, आणि तो भाग महिनाभर तरी खणू नये.