भित्रा शिपाई लिहिताना

प्रिय,

तुझ्या पटकथेतला भित्रा शिपाई पहिल्याच दृश्यात ओळखू येतो. खांदे पडलेले, कपाळावर घाम. शूर शिपाई छाती काढून उभा. बहुतेक युद्धपट इथेच फसतात. पाचावर धारण दोघांचीही बसते: तोंडाला कोरड, नजर एका ठिकाणी खिळलेली, शेजारची हाक ऐकू न येणं, कधी कपड्यातच लघवी. बोटांचं बारीक काम आधी बिघडतं. म्हणून तुझ्या शूर शिपायाच्या रायफलचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, पहिल्यांदा नीट बसू देऊ नकोस. कॅमेरा चेहऱ्यावर नको, त्या बोटांवर ठेव. हात खरे थरथरतात ते बऱ्याचदा गोळीबार थांबल्यावर, पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवताना.

आवाजाचं गणितही सांभाळ. ३०० मीटरवरून सुटलेली रायफलची गोळी साधारण अर्ध्या सेकंदात पोचते, बंदुकीच्या आवाजाला जवळजवळ एक सेकंद लागतो. आधी डोक्यावरून गोळीचा चाबकासारखा कडाका, मग लांबून बंदुकीचा ‘धप्’. नवखा कडाक्याकडे बघत राहतो. मुरलेला जमिनीला चिकटून ‘धप्’ कुठून आला ते ऐकतो. धैर्य दाखवायला एवढा फरक पुरे, भाषण नको.

मर्दानगीचा प्रश्न बघणाऱ्यांमुळे उभा राहतो. १९१४ साली, पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर, ब्रिटनमध्ये साध्या कपड्यातल्या तरुणांच्या हातात बायका भित्रेपणाची खूण म्हणून पांढरं पीस ठेवत. रजेवर आलेल्या सैनिकांनाही ते मिळालं. त्याच युद्धात पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना माफी मिळायला २००६ साल उजाडलं. त्यांतले कित्येक आधी महिनोन्‌महिने खंदकात टिकलेले होते, हे विसरू नकोस.

तेव्हा तुझा शिपाई पळण्याआधीचे दोन दिवस लिही. झोप किती झाली? शेजारचा कधी मेला? हुकूम नीट कळला होता का? आठ-दहा जणांच्या सेक्शनमध्ये माणूस बहुधा शेजारच्यासाठी टिकतो. तो शेजारी गेला की पाय कशाला धरून राहणार?

आणि कृपा करून शेवटी त्याला शौर्याने मारू नकोस. ती लेखकाची पळवाट आहे. त्याला जगू दे. दुसऱ्या सकाळी ताट घेऊन रांगेत उभा कर, ज्यांनी त्याला पळताना पाहिलं त्यांच्यातच. कोण सरकून जागा देतं, कोण ताट उचलून निघून जातं, ते लिही. संवाद शक्यतो नको.

एवढं दृश्य झालं की मसुदा पाठव.