पुटिका, पुडी आणि गळालेला काना

प्रश्न असा आला आहे : “कर्करोगावरील एका लेखात ‘पेशीबाह्य पुटिका’ आणि ‘असंजन रेणू’ हे शब्द वारंवार आले. पुटिका म्हणजे फोड असेल, तर तो पेशीच्या बाहेर कसा? आणि ‘असंजन’ हा शब्द कोणत्याच कोशात का सापडत नाही?”

तो सापडत नाही, कारण तसा शब्दच नाही. शब्द ‘आसंजन’ असा आहे, म्हणजे चिकटून राहणे, आणि आसंजन रेणू म्हणजे पेशींना एकमेकींशी किंवा आसपासच्या ऊतीशी धरून ठेवणारे रेणू. या शब्दाचा काना गाळण्याची चूक मी छापील पुस्तिकांत, अनुवादांत आणि व्याख्यानांत इतक्या वेळा पाहिली व ऐकली आहे की तिच्याकडे मुद्रणदोष म्हणून दुर्लक्ष करणे आता शक्य नाही. ‘आ’ हा उपसर्ग जवळीक दाखवतो आणि ‘अ’ नकार दाखवतो, त्यामुळे ‘असंजन रेणू’ याचा अर्थ लावायचाच झाला तर ‘न चिकटवणारा रेणू’ असा लागेल. कर्करोगाच्या विषयात ही चूक विशेष घातक आहे, कारण तेथे पेशींचे एकमेकींना धरून राहणे आणि ती पकड सुटणे या दोन्ही गोष्टी निरनिराळ्या संदर्भांत सांगाव्या लागतात. लेखकाने काना गाळला, तर यांपैकी नेमके काय घडले हे वाचकाने कसे ओळखावे?

मूळ धातू ‘सञ्ज्’, म्हणजे चिकटणे, लागून राहणे. संग, आसक्ती, प्रसंग, अनुषंग आणि व्यासंग ही सारी त्याचीच प्रजा आहे. काही जण या शब्दात ‘अंजन’ शोधतात आणि ‘माखणे, लेप देणे’ या अर्थाशी त्याची सांगड घालतात. त्यांना एवढेच सांगतो की अंजनाचा धातू ‘अञ्ज्’ आहे, त्यात ‘स’ नाही, आणि ‘आ’ व ‘सम्’ असे दोन उपसर्ग लावून तो तेथे आणायचा म्हटले, तर शब्द ‘आसमंजन’ असा होईल, ‘आसंजन’ होणार नाही. ध्वनी जुळला म्हणून नाते जुळत नाही.

‘चिकट रेणू’ हा पर्यायही मला मान्य नाही. चिकट वस्तूत चीक असतो आणि ती भेटेल त्याला चिकटते, पण हे रेणू निवड करतात. कॅडहेरिन हा असाच एक आसंजन रेणू बहुधा आपल्याच जातीच्या कॅडहेरिनला धरतो, तेही कॅल्शियम असेल तरच. जपानी जीवशास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांच्या गटाने १९८४ साली हे नाव घडवले, तेव्हा कॅल्शियम आणि ‘चिकटणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद या दोन्ही गोष्टी त्यात गोवल्या. ज्या लॅटिन धातूतून इंग्रजीतील ‘ॲडहीजन’ (आसंजन) आला, तोच येथेही आहे. कॅडहेरिनचा एक प्रकार असलेला ई-कॅडहेरिन नाहीसा झाला की काय होते, हे लोब्युलर नावाच्या प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगात सूक्ष्मदर्शकाखाली दिसते : पेशींचे घट्ट पुंजके न राहता त्या सुट्या सुट्या, एकामागे एक अशा रांगेने ऊतीत शिरलेल्या असतात. याच रेणूच्या जनुकातील उपजत दोषामुळे काही घराण्यांत जठराचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या होतो, हे न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून १९९८ साली उघड झाले. पकड सुटण्याचे परिणाम इतके गंभीर असताना ती पकड सांगणारा शब्द तरी आपण नीट लिहावा, ही अपेक्षा मोठी नाही.

आता पुटिकेकडे वळू. पेशीबाह्य पुटिका म्हणजे पेशीने बाहेर सोडलेली, पटलाने वेढलेली अतिसूक्ष्म पिशवी. त्वचेवरील फोडासाठी मराठीत फोड आणि पुटकुळी हे शब्द आहेत, त्यामुळे तो अर्थ येथे सोडून देतो. संस्कृतात ‘पुट’ म्हणजे घडी, आणि घडी घालून तयार झालेली पोकळी. पान दुमडून केलेले पात्र हे पर्णपुट, आणि दोन पोकळ्या तोंडाला तोंड लावून मिटल्या की संपुट. ‘पुटिका’ हे त्याचे लघुरूप. हा शब्द परिभाषा घडवणाऱ्यांनी संस्कृत कोशातून उचलून आणला असे सर्वत्र मानले जाते, पण तो मराठीने कधी गमावलेलाच नव्हता. वाटिकेची वाडी झाली, शाटिकेची साडी झाली, घटिकेची घडी झाली, आणि त्याच नियमाने पुटिकेची पुडी झाली. दोन स्वरांमधला ‘ट’ प्राकृतात मृदू होऊन ‘ड’ झाला आणि शेवटचा ‘का’ झिजून गेला. नियम इतका सरळ चालल्याची उदाहरणे पाहिली की मन प्रसन्न होते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की जिच्यात पूड बांधतात ती पुडी. हे म्हणणारे विद्वान आहेत, पण त्यांनी स्वतःच्या नाकाकडे पाहिलेले नाही. नाकपुडीत कोणती पूड बांधलेली असते? संस्कृतात तिला ‘नासापुट’ म्हणत, आणि तेच ‘पुट’ आज आपल्या चेहऱ्यावर ‘पुडी’ होऊन बसले आहे. फुलपुडीतही पूड नसते, फुले असतात. दुसरा आक्षेप असा की पुडी हा हिंदीतल्या ‘पुड़िया’चा अवतार आहे. ‘साड़ी’ हिंदीतही आहे म्हणून मराठीने साडी उसनी घेतली असे आपण म्हणत नाही. एका आईच्या दोन मुलींपैकी एकीला दुसरीची मुलगी ठरवण्यासारखे हे आहे, आणि इतका उघड नियम समोर असताना कोशकारांनी ही नोंद पुनःपुन्हा उतरवून घ्यावी याचे मला खरोखर वाईट वाटते.

पुटिकेला इंग्रजीत ‘व्हेसिकल’ म्हणतात. त्या शब्दाचे लॅटिन मूळ ‘मूत्राशय’ या अर्थाच्या शब्दाचे लघुरूप आहे, म्हणजे त्यात फुगण्याची कल्पना आहे. पुटात दुमडण्याची कल्पना आहे, आणि पेशीत जे घडते त्याला तीच अधिक जवळची आहे. एक्झोसोम नावाच्या पुटिका, ज्या साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या असतात, त्या तयार होताना आधी पेशीचे बाह्यपटल आत दुमडते, मग त्यातून झालेल्या कप्प्याचे पटल पुन्हा आतल्या बाजूला दुमडते, आणि शेवटी तो कप्पा पेशीच्या कडेला येऊन आतला सारा ऐवज बाहेर सोडतो. दोनदा दुमडल्यामुळे पटलाची बाहेरची बाजू पुन्हा बाहेरच येते. म्हणून पेशीच्या पृष्ठभागावरचे आसंजन रेणू पुटिकेवरही बाहेर तोंड करूनच असतात, आणि आत पेशीद्रवातील प्रथिने व आरएनए बांधले जातात. घडी, आत माल आणि वर खूण, अशी ही शब्दशः पुडी आहे.

या वस्तूला नावेही कमी मिळालेली नाहीत. १९६७ साली पीटर वुल्फ यांनी रक्तातील अशा कणांना ‘प्लेटलेटची धूळ’ म्हटले होते. ‘एक्झोसोम’ हे नाव रोझ जॉनस्टन यांच्या १९८७ च्या लेखनामुळे रुळले, पण १९९७ साली आरएनए तोडणाऱ्या एका अगदी वेगळ्या प्रथिनसंकुलालाही तेच नाव देण्यात आले. पुटिका कोणत्या मार्गाने तयार झाली हे सिद्ध करणे अनेकदा कठीण असते, म्हणून या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संस्था आता ‘पेशीबाह्य पुटिका’ याच अर्थाचे व्यापक नाव वापरण्याचा आग्रह धरते. पेशीच्या आतही पुटिका असतात, म्हणून ‘पेशीबाह्य’ हे विशेषण आवश्यक आहे. ‘बाह्यपेशी पुटिका’ असे मात्र लिहू नये, कारण त्याचा अर्थ ‘बाहेरच्या पेशीची पुटिका’ असा होतो.

आणि मराठीत ‘पुडी सोडणे’ हा वाक्प्रचार आहे. स्वतः मागे राहून एखादी गोष्ट आधीच पसरवून द्यायची, म्हणजे आपण पोहोचण्यापूर्वी वातावरण तयार होते. माझ्या मते या वाक्प्रचारात बांधलेल्या पुडीचीच कल्पना आहे : आत काय आहे हे ती उघडणाऱ्यालाच कळते, आणि तोवर ती आपले काम करून चुकलेली असते. कर्करोगाची गाठ नेमके हेच करते. ब्रिटिश शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली मांडले होते की रोगाचे बीज कोठेही रुजत नाही, त्याला अनुकूल भूमी लागते. २०१५ साली डेव्हिड लायडन यांच्या गटाने दाखवले की गाठीतून सुटलेल्या पुटिका ती भूमी आधीच तयार करतात, आणि कोणत्या अवयवात करायची हे त्यांच्यावरील इंटेग्रिन या आसंजन रेणूंवर अवलंबून असते. अल्फा-६ बीटा-४ आणि अल्फा-६ बीटा-१ या प्रकारचे इंटेग्रिन असलेल्या पुटिका फुप्फुसात स्थिरावत, तर अल्फा-व्ही बीटा-५ असलेल्या यकृतात. उंदरांना फुप्फुसाकडे जाणाऱ्या पुटिका आधी दिल्या, तर एरवी हाडांकडे वळणाऱ्या कर्कपेशीही फुप्फुसात रुजल्या, आणि हे इंटेग्रिन अडवले तेव्हा प्रसार घटला.

परिभाषेत ‘पुटिका’ राहू द्यावी. सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिताना मात्र ‘पेशीपुडी’ लिहिण्यास माझी हरकत नाही, उलट तसे कोणी लिहिले तर मला आनंदच होईल, आणि त्या पुडीवर आसंजन रेणू असतात हे लिहिताना पहिला काना जपावा.