दाराचं बाक करताय? रंधा जरा लांब ठेवा

वाड्याचं सागवानी दार हाती आलं की पहिला हात रंध्याकडेच जातो. थांबा. आमच्या आजोळच्या दारावर मामाने पेन्सिलीने आम्हा भावंडांच्या उंचीच्या खुणा केल्या होत्या. मी उत्साहात फळी गुळगुळीत केली आणि त्या भुश्यात गेल्या. अजून चुटपुट लागते.

आधी लोहचुंबक फिरवा. मुंडी तुटलेले खिळे आत दडलेले असतात, एक लागला की करवतीचे दात गेलेच. मग टिचक्या मारत जा. आवाज पोकळ आला तर आतून बहुधा वाळवीने खाल्लंय, तेवढा भाग कापून टाका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, मास्क लावा, आणि पोरांना लांब ठेवा.

कडी-कोयंडा मात्र राहू द्या. माझ्या बाकाची कडी पाठीला टोचते, बायको कुरकुरते, तरी मी काढलेली नाही.

शेवटी जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकते. उघड्यावर पसरून वाळवा.