बीएएमएसनंतर ग्लोबल हेल्थमध्ये जायचंय. एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स डिग्री) परदेशात करू की भारतात? तयारी काय करू?

तुम्ही चोपड्याच्या, शेवटच्या वर्षाला, आणि प्रश्नाखाली लिहिलंय, "गावाकडचा अनुभव यात चालत नाही असं सगळे सांगतात." मी उत्तर लिहायला बसले ती या वाक्यामुळे. हे "सगळे" माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत.

मी शहाद्याची, बीएएमएसच. इंटर्नशिप झाल्यावर धडगाव तालुक्यात कंत्राटी नोकरी धरली. आश्रमशाळांमधून सिकलसेलची, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, सोल्युबिलिटी टेस्टच्या नळीत टाकायचं, थोडं थांबून नळीच्या मागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसेनाशा झाल्या की रक्तात सिकल आहे. पण मूल नुसतं वाहक आहे की खरोखर आजारी, हे नळी सांगत नाही. त्यासाठी नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीला, जिल्ह्याच्या गावी जातो. वरून फोन आला की प्रश्न एकच : आज टेस्ट किती झाल्या? रिपोर्ट घरी पोचला का, हे कोणी विचारत नसे. तो हातात येईपर्यंत दिवाळी उलटलेली आणि अर्धा पाडा ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेला. दाराला काट्याची फांदी लावलेली, ओट्यावर म्हातारी. पोरगीही सोबत गेली, आता होळीलाच येतील, म्हणायची.

म्हणून मी माझी वेगळी वही घातली. नाव, पाडा, टेस्टची तारीख सगळेच लिहितात. मी पुढे रकाने वाढवले. रिपोर्ट कोणाच्या हातात दिला, घरची माणसं आत्ता कुठे आहेत, मुकादमाचा मोबाईल. त्याच नंबरवरून एका एसएस, म्हणजे वाहक नव्हे तर खरोखर आजारी, मुलीच्या बापाशी बोलले. पोरगी फडावर हातपाय दुखतात म्हणून रडत होती आणि ते थंडीचं समजून शेकत होते. पाणी भरपूर पाजा, गारठ्यात ठेवू नका, ताप आला तर रात्र काढू नका, लगेच दवाखान्यात न्या, फोलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करू नका, एवढंच फोनवर सांगता आलं. होळीला परतल्यावर तिला हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे दुखण्याचे झटके कमी करणारं औषध, सुरू झालं. पोरगी महाराष्ट्राची, आजारी पडते गुजरातेत, आजोळ नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशात. तीन राज्यांत तीन केसपेपर, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही.

ती वही घेऊन दिल्लीला एका मोठ्या संस्थेच्या मुलाखतीला गेले. पॅनलवरच्या साहेबांनी पानं चाळली. "काम छान आहे, पण लोकल आहे. ग्लोबल एक्सपोजर नाही." घरी आले तर मामा, "आते तरी दवाखाना टाकशी का नही?" मामांचा राग नाही आला, त्यांना माझ्या पोटाची काळजी होती. साहेबांचा अजून येतो.

अभय आणि राणी बंग या डॉक्टर जोडप्याने अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिक्षण घेतलं आणि १९८६ पासून काम केलं ते गडचिरोलीत. खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, ३९ गावांत. १९९९ साली तो अभ्यास लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात त्याचं मूळ तिथे आहे. हे लोकल होतं का, साहेब? पुढे मी एमपीएच केलं तेव्हा वर्गात एक नायजेरियाची डॉक्टर होती. सिकलसेलचं सगळ्यात मोठं ओझं तिच्याच देशावर आहे. मुकादमाच्या नंबरचा रकाना तिने स्वतःच्या वहीत उतरवून घेतला. २०२३ च्या जुलैत आपल्याकडे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. उद्दिष्ट सात कोटी लोकांच्या तपासणीचं. पुन्हा टेस्टच मोजायच्या! असो.

आता तुमचा प्रश्न. आधी दोन वर्षं काम, मग एमपीएच. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला तसाही दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा अनुभव लागतो. भारतात करायचं तर मुंबईची टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) किंवा त्रिवेंद्रमचं अच्युत मेनन सेंटर बघा, बीएएमएसवाल्यांना प्रवेश मिळतो. परदेशी जायचं तर शिष्यवृत्तीवरच जा. शेत गहाण टाकून अजिबात नको, कारण परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था यूएसएड जुलै २०२५ मध्ये बंद झाली आणि तिच्या पैशावर चालणाऱ्या नोकऱ्याही गेल्या. बायोस्टॅटिस्टिक्सची, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीच्या गणिताची, भीती आत्ताच घालवा. त्यासाठीचं आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. फ्रेंच आलं तर पश्चिम आफ्रिकेतली कामं खुली होतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती : रोगसर्वेक्षणाच्या बऱ्याच जागांना एमबीबीएसच मागतात, तिथे आपली डिग्री चालत नाही. जाहिरात नीट वाचून मगच अर्ज करा. आणि चोपड्याहून वैजापूरकडे निघालं की सातपुडा सुरूच होतो, त्यामुळे इंटर्नशिपची ग्रामीण पोस्टिंग तिकडची मागा. बाकी सगळ्यांना जळगाव शहरच हवं असतं, तुम्हाला कोणी नाही म्हणणार नाही.