सावरीचे लाकूड सरपणाला चालेल का?

प्रश्न : आमच्या आवारातील सावरीचे मोठे झाड वादळात पडले. त्याचे ओंडके करून ठेवले आहेत. परंतु हे लाकूड पोचट असते, त्याला धग नसते, म्हणून ते टाकून द्यावे, असे सर्वजण सांगतात. एक ओंडका पेटवून पाहिला, तेव्हा त्याच्या टोकांतून पाणी फसफसत बाहेर आले आणि धुराखेरीज काही हाती लागले नाही. हे लाकूड खरोखर निरुपयोगी आहे काय?

उत्तर : कृपया टाकून देऊ नका. लोक सांगतात ते अर्धेच खरे आहे. लाकूड कोणत्याही झाडाचे असो, ते पूर्ण कोरडे असेल तर एक किलोमागे साधारण 4500 किलोकॅलरी उष्णता देते. राळ असलेली लाकडे थोडी अधिक देतात, इतकेच. फरक पडतो तो आकारमानात. वाळलेल्या सावरीचे वजन घनमीटरला सुमारे 350 ते 400 किलो भरते, तर बाभळीचे 750 ते 800 किलो. त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या ढिगातून सावर जवळपास निम्मी उष्णता देते, भराभर जळते आणि मागे टिकाऊ निखारे ठेवत नाही.

आपल्या ओंडक्यातून जे फसफसले, तो मात्र सावरीचा दोष नव्हे, ओलीचा होता. एक लिटर पाणी तापवून त्याची वाफ करण्यात 600 किलोकॅलरींहून अधिक उष्णता खर्च होते, आणि ओल्या सावरीच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणीच असू शकते. शिवाय या वाफेमुळे जाळ थंड राहतो, लाकडातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत आणि त्यांचाच धूर होतो. हा धूर डोळ्यांना व छातीला अपायकारक असतो, म्हणून ओले लाकूड बंद जागेत मुळीच जाळू नये.

तेव्हा ओंडके आताच, विलंब न लावता फोडावेत. जाड सालीत ओल कोंडून राहते आणि असे मऊ लाकूड बुरशी व भुंगेरे पाहता पाहता पोखरतात. कुजलेला भाग म्हणजे गेलेली उष्णताच. फोडी मनगटाएवढ्या जाड ठेवाव्यात, कारण त्याहून बारीक केल्यास त्या भगभगून संपतात. रास जमिनीपासून वीतभर उंच, दगडांवर रचावी. वरून झाकावी, पण बाजू वाऱ्याला मोकळ्या सोडाव्यात. दोन-तीन फोडींवर खूण करून त्या दर आठवड्याला तोलाव्यात. वजन उतरायचे थांबले आणि टोकांना चिरा पडल्या, की सरपण तयार झाले असे समजावे. हलके लाकूड जड लाकडापेक्षा लवकर वाळते.

पाणी तापवणे, चूल पेटवणे, जड लाकडाला जाळ धरवणे, अशा झटपट जाळ लागणाऱ्या कामांना सावर उत्तम. आगकाडीसाठी हे लाकूड वापरतात, त्यामागे ते चटकन पेट घेते हेही एक कारण आहे. रात्रभर धग हवी असेल, तेव्हा मात्र खाली जड लाकूड लावावे.

ज्या फोडी बोटाने दाबताच भुसभुशीत लागतील, त्या सरपणातून वगळून झाडांच्या बुंध्याशी पसरून टाकाव्यात.