जुन्या लॅपटॉपवर नेटशिवाय खेळता येईल असा, फारसा कोणाला माहीत नसलेला शूटर गेम कोणता? (दारव्हा, जि. यवतमाळ)

आधी 'डस्क' घ्या, तो संपला की 'सिंग्युलॅरिटी'. इकडे गावात लाइन कधी जाईल याचा नेम नाही, आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली. अशा लॅपटॉपवर मी दोन्ही पूर्ण खेळलो, म्हणून खात्रीने सांगतो. 'डस्क' २०१८ चा, पण चित्रं मुद्दाम १९९० च्या दशकातल्या गेमसारखी जाडीभरडी, त्यामुळे साध्या मशीनवरही अडकत नाही. वेग मात्र भन्नाट, थांबलात की मेलात. कुठेही क्विकसेव्ह (एक बटण दाबून खेळ आहे तिथेच जतन) करता येतं, लाइन गेली तरी मेहनत वाया जात नाही. 'सिंग्युलॅरिटी' २०१० चा. त्यात हातातल्या यंत्राने वस्तूंचं वय बदलता येतं: मोडका जिना पुन्हा उभा राहतो, समोरचा सैनिक म्हातारा होऊन धूळ होतो. इतकी सुंदर कल्पना असूनही या गेमबद्दल कोणी बोलत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. एक अट आहे: स्टीमवरून (गेम विकत घेऊन चालवायचं ऑनलाइन दुकान) घेतलात तर डाउनलोड आणि पहिलं लॉगिन यासाठी नेट लागेलच. ते तालुक्याला उरकून घ्या, गेम एकदा चालू करून पाहा आणि घरी येण्याआधी स्टीम ऑफलाइन मोडवर टाका.